पिठलं कुणाकडे न्यायचं

जिन्यात पिठल्याचा वास आला की मी आधी फोन उघडून बघायचे. कुणीतरी गेलेलं असायचं. कधी जुना नट, कधी गायिका, कधी क्रिकेटपटू. रविवारी दुपारी मी वर लोळत पडलेली असायचे, खालून लसणाच्या फोडणीचा वास यायचा, आणि उशीखालचा फोन काढून बघावं तर बातमी नुकतीच आलेली. वास सहसा खोटा ठरायचा नाही. एकदाच ठरला, ते पुढे सांगते.

मी नाशिकला नोकरी करत होते तेव्हा सिडकोतल्या एका रो-हाउसच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खाली घरमालक, काका आणि काकू. काकू ठेंगण्या, पदर कायम खोचलेला, आणि चालताना एका बाजूला किंचित कललेल्या, कमरेवर न दिसणारी कळशी असावी तशा. टीव्हीवरच्या बातम्या त्या नेमाने बघायच्या. पण निवडणूक, पाऊस, कांद्याचे भाव ह्यातलं काही त्यांच्या कानात शिरायचं नाही. कोण गेलं, तेवढंच शिरायचं. गेलेल्या माणसाचा तरुणपणीचा फोटो पडद्यावर आला की त्या टीव्हीचा आवाज बंद करायच्या आणि काकांना विचारायच्या, "कुणाचा होता हो?"

ह्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला बरेच दिवस लागले.

काकूंचं म्हणणं साधं होतं. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी करून न्यायची आणि समोर बसून पहिला घास खायला लावायचा. त्याला त्या कडू घास म्हणायच्या, त्यात कडू काही नसलं तरी. आता एखादा मोठा नट गेला तर त्याच्या बंगल्यावर स्वयंपाकी असतात, गर्दी असते, पोलीससुद्धा असतात. तिथे काकूंचं काही अडलेलं नव्हतं. पण तो नट आपल्या गल्लीतही कुणाचा तरी असणार. कुणीतरी त्याच्यासाठी शाळा बुडवलेली असेल, त्याच्यासारखा भांग पाडला असेल, त्याच्या आजारपणात शनिवार धरले असतील. खरं सुतक आज त्या माणसाला, आणि त्याच्या घरच्यांना त्याचा पत्ताच नाही. त्याला कोण विचारणार?

काकू विचारायच्या. म्हणजे तोंडाने काही विचारायच्या नाहीत, डबा घेऊन जायच्या.

ह्या जाण्याचे नियम होते. डबा स्टीलचाच. बेल वाजवायची नाही, बाहेरून हाक मारायची. कसं झालं हे विचारायचं नाही, ते टीव्हीवर सांगतातच. फार मोठा माणूस होता, असं तर अजिबात म्हणायचं नाही. "मोठा लोकांसाठी. ह्याच्यासाठी घरचा होता," हे काकूंचं वाक्य. पहिला घास पोटात गेला की उठायचं, आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत हे माझ्या इंग्रजी शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. मी तोवर अशा घरांमधून हात हलवून, 'बाय' म्हणून बाहेर पडत आले होते.

आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, ज्याने फोनवर स्टेटस टाकलं त्याच्याकडे जायचं नाही. काकू म्हणायच्या, त्याचं जेवण झालेलं असतं.

आमच्या चौकातल्या मंडळाची मुलं कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायची. वरच्या कोपऱ्यात गेलेला माणूस, आणि खाली शोकाकुल म्हणून मंडळाचे सगळे कार्यकर्ते, गॉगल लावून, हात जोडून. एकदा काकू बाजाराची पिशवी खाली ठेवून बराच वेळ त्या फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या आणि मंडळाच्या अध्यक्षालाच विचारलं, "ह्यातला गेलेला कोणता रे बाबा?" त्याने बोट करून दाखवला. "बरं," काकू म्हणाल्या, "बाकीचे बरे आहेत ना?"

काका अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. निफाडकडचे. बोलणं कमी. जिन्याखाली लासलगावच्या भावाने पाठवलेल्या कांद्याचं पोतं, ते रोज उलटंपालटं करून सडका कांदा बाजूला काढणं हा त्यांचा उद्योग. मोठी बातमी आली की ते पोत्यावरून मान वर करून एवढंच म्हणायचे, "म्हणजे आज पिठलं." देशाचं नुकसान झालं की काकांचं रात्रीचं जेवण ठरून जायचं. एका हिवाळ्यात लागोपाठ चार-पाच मोठी माणसं गेली तेव्हा काका मला जिन्यात म्हणाले की देवाला म्हणावं, एखाद्या श्रीखंडवाल्यालाही वर बोलव, जेवणात तेवढाच बदल.

मी राहायला आले त्या दिवशी काकूंनी किल्ली हातात देतादेताच विचारलं, "तुझा कोण?"

मला वाटलं, खोलीवर कोणी मुलगा येणार आहे का असं विचारतायत. मी चेहरा सरळ ठेवून म्हटलं, "कोणी नाही."

"अगं, नट म्हणते मी. गाणारा, खेळणारा, कुणी असेल."

"नाही काकू. कोणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अंथरूण-पांघरूण न आणताच राहायला आले होते. मग स्वतःशीच म्हणाल्या, "मग मला कळणार कसं?" ती काळजी त्यांना पुढे तीन वर्षं पुरली. कुणीही गेलं की त्या जिना चढून यायच्या, दाराच्या फटीतून माझा चेहरा बघायच्या आणि विचारायच्या, तुझा होता का? मी नाही म्हणायचे. मग त्या डबा घेऊन दुसरीकडे जायच्या. काकांकडून मला कळलं होतं की माझ्यामुळे त्यांना झोप लागत नाही. ही पोर बोलत नाही, हिचं कुणी गेलं तर ही वर एकटीच उपाशी बसून राहील, असं त्यांना वाटायचं.

त्यांचं बरोबर होतं. माझा होता. पण तो सांगण्यासारखा नव्हता.

मी लहान असताना आईबाबा दोघंही नोकरीला. शाळेतून आले की मी कुलूप उघडून टीव्ही लावायचे. दुपारी चारला मुलांच्या एका कार्यक्रमात एक उंच, पोक काढून बसणारा माणूस जुन्या वर्तमानपत्राच्या वस्तू करून दाखवायचा. टोपी, होडी, मान हलवणारा पक्षी. त्याला चकचकीत कागद कधी मिळाला नाही, आणि बहुधा पगारही बरा नसावा, कारण स्वेटर वर्षानुवर्षं एकच होता. दर दोन घड्यांनंतर तो हात थांबवायचा आणि म्हणायचा, तुमचं होऊ दे, मी थांबतो. आणि खरोखर थांबायचा. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत, अजिबात घाई न करता. माझ्या शाळेत कुणी थांबायचं नाही. उत्तर माझ्या जिभेवर येईपर्यंत टीचर पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. घरीही सगळे घाईत. दिवसभरात माझ्यासाठी थांबणारा तो एकटाच माणूस होता, आणि तोही काचेच्या मागे. हे कुणाला आणि कसं सांगणार? लोक नटांची, खेळाडूंची नावं घेतात. मी काय, कागदाची टोपी सांगू?

म्हणून मी काकूंच्या मागून भाकऱ्यांचं फडकं धरून लोकांच्या दुखवट्याला जायचे. भाकऱ्या गरम असायच्या आणि मला कुणाशी बोलावं लागायचं नाही, त्यामुळे ते काम मला आवडायचं.

समोरच्या घरात गणिताचे क्लास घेणारे सर होते. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. एका जुन्या नटीची बातमी आली त्या संध्याकाळी सरांनी फळ्यावर एक गणित मांडलं, अर्ध्यात सोडलं आणि मुलांना घरी पाठवलं. काकूंनी खिडकीतून वेळेआधी सुटलेली मुलं बघितली आणि बेसनाचा डबा काढला. दार सरांच्या बायकोने उघडलं. आमच्या हातातलं बघून त्या घाबरल्याच. म्हणाल्या, आमच्याकडे कोणी गेलेलं नाही.

"तुमच्याकडे नाही वहिनी," काकू हळूच म्हणाल्या, "सरांकडे."

सर आतून आले. डबा बघितला, काकूंकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, निदान आम्ही सगळ्यांनी ती वाफच धरली. वहिनी बराच वेळ दाराला धरून उभ्या होत्या. आपल्या नवऱ्याच्या मनात इतकी वर्षं दुसरंच कुणी राहत होतं, हे पचायला वेळ लागतो. मग म्हणाल्या, "तरीच मला पहिल्या दिवाळसणाला तिच्यासारखी पिवळी साडी घ्यायला लावली." आणि त्याही खाली बसल्या, सरांच्याच भाकरीतला अर्धा तुकडा मोडून. घरी आल्यावर काकांनी विचारलं, भांडण लागलं का? काकू म्हणाल्या, "नाही हो. दोघंही जेवले."

वास खोटा ठरला तो चाचांच्या वेळी. कोपऱ्यावर त्यांचं मोटारसायकलींची सीट-कव्हरं शिवायचं दुकान. रेक्झिनच्या गुंडाळ्यांच्या मध्ये एका जुन्या खलनायकाचा फोटो, आणि चाचांच्या मिशाही तशाच. एक दिवस सकाळी ग्रुपवर मेसेज आला की खलनायक गेला. काकू डबा घेऊन पोचल्या तेव्हा चाचांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं. ते रडले, जेवले, त्या नटाने एका सिनेमात जिन्यावरून कसं उतरून दाखवलं होतं ते त्यांनी दुकानाच्या पायरीवर आम्हाला उतरून दाखवलं. संध्याकाळी त्या नटाचा व्हिडिओ आला. बाल्कनीत बसून चहा पीत तो सांगत होता की मी ठणठणीत आहे.

चाचा घासलेला रिकामा डबा घेऊन घरी आले. खुर्ची दिली तरी बसेनात.

"भाभी, अब क्या करना? मैं तो खा चुका."

त्यांना खरंच भीती वाटत होती. जिवंत माणसाचा कडू घास आपण खाल्ला, आता त्याचं काही वाईट झालं तर? काका म्हणाले की मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. चाचांचं समाधान होईना. बातमीने वाढेल, पण पिठल्याने कमी होईल त्याचं काय? काकू कपाळाला बोट लावून बसल्या. असा प्रसंग त्यांच्याही शास्त्रात नव्हता. शेवटी त्यांनी निकाल दिला की घास उलटवायचा. कडू एकट्याने खाल्लं, तर गोड चौघांत खायचं. चाचा तसेच सायकलवर टांग मारून गेले आणि जिलबी घेऊन आले. ज्या माणसाने सगळ्या सिनेमांत नायिका पळवल्या, त्याच्या दीर्घायुष्यासाठी आम्ही चौघांनी ओट्यावर बसून जिलबी खाल्ली. पुढच्या वर्षी तो खरंच गेला. काकू डबा घेऊन गेल्या तेव्हा चाचांनी आधी विचारलं, "भाभी, पक्का?"

"पक्का."

मग त्यांनी शटर ओढलं. ह्या वेळी पूर्ण.

माझी नोकरी काय होती, हे सांगायला मला तेव्हाही अवघड जायचं. कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात आम्ही लोकांच्या धंद्यांची सोशल मीडियाची पानं सांभाळायचो. एक बिल्डर, एक दाताचा दवाखाना, एक मिसळीचं हॉटेल, एक बेदाणे निर्यात करणारे. कुणी मोठं गेलं की ह्या सगळ्यांना अर्ध्या तासात दुःख झालं पाहिजे, असा आमचा करार होता. काळा-पांढरा फोटो, एक समई, खाली क्लायंटचा लोगो. एक विनोदी नट गेला तेव्हा घाईत दवाखान्याच्या पोस्टवर खालची नेहमीची ओळ तशीच राहिली. वर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली, हसत राहा, पहिली तपासणी मोफत. ती पोस्ट इतकी फिरली की फिरतफिरत काकूंच्या फोनवर आली.

"हे तुमच्याकडचं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"दवाखान्याला बिचाऱ्याला फारच लागलेलं दिसतंय," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून मेथी निवडायला लागल्या.

ती मोठी गायिका गेली तेव्हा तर सगळं शहर बुडालं. रिक्षात तिची गाणी, मिसळीच्या हॉटेलात तिची गाणी, चौकात फ्लेक्स, शिवाय फ्लेक्सच्या शेजारी दुसऱ्या मंडळाचा आणखी मोठा फ्लेक्स. आमच्या ऑफिसात जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळ्या क्लायंटना अतीव दुःख होऊन गेलं होतं. काकूंनी त्या दिवशी पातेलंभर पिठलं केलं, कारण ती अर्ध्या गल्लीची होती. लोक स्वतःच वाट्या घेऊन येत होते. ते वाटून संपल्यावर काकू जिना चढून वर आल्या. गुडघे दुखत होते, तरी आल्या.

"तुझी होती ना?"

"नाही काकू."

"ही पण नाही?"

त्या खाली गेल्या आणि काकांना म्हणाल्या की उद्या त्या पोरीला डॉक्टरकडे घेऊन जाऊ या. मी जिन्यातून ऐकलं.

मला तेव्हा वाटलं की आपणही काकूंना हाच प्रश्न विचारायला हवा. पण त्यांना विचारायचा धीर होईना, म्हणून कांदे निवडणाऱ्या काकांना विचारलं. काकूंचं कोण?

"तिचं?" काकांनी एक कांदा दाबून बघितला. "तिचं कुणी नाही. तिला पिठलं आवडतं."

कागदवाला माणूस एका साध्या कामाच्या दिवशी गेला. मी बिल्डरच्या पाडव्याच्या पोस्टला तोरण लावत होते तेव्हा फोनवर दोन ओळींची बातमी दिसली. फोटोत तोच स्वेटर होता. मी ती बातमी ऑफिसातल्या सरांना दाखवली. आमचे सर वाईट नव्हते, त्यांनी शेजारच्याला बघायला सांगितलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, ट्रेंड नाहीये. सर म्हणाले, मग राहू दे. मी जागेवर येऊन तोरण पूर्ण केलं. झेंडूची फुलं एकसारखी आली पाहिजेत म्हणून दोनदा मोजली. चौकात फ्लेक्स नव्हता. रिक्षात भलतंच गाणं चालू होतं. आणि जिन्यात पिठल्याचा वास नव्हता. येणार कुठून? कुणाला माहीतच नव्हतं.

मी अर्धा जिना चढून थांबले. वर गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी सगळ्या गोष्टी आजवर अशाच पार पाडल्या होत्या, दार लावून. पण काकू तीन वर्षं गुडघे धरून हा जिना चढत होत्या, आणि मला फक्त सहा पायऱ्या उतरायच्या होत्या.

दार उघडंच होतं. काकू टीव्हीसमोर वाटाणे सोलत होत्या, काका पोत्याशी. काकूंनी वर बघितलं. मी तोंड उघडलं आणि नेहमीसारखं काहीच बाहेर आलं नाही. काकूंनी वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं. काय झालं, बोल, बरं नाही का, असलं काहीही त्या म्हणाल्या नाहीत. हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत थांबल्या. घाई अजिबात नाही.

"काकू," मी म्हटलं, "माझा गेला."

काकांनी उठून टीव्ही बंद केला. काकूंनी कोण ते विचारलं नाही. पदर खोचून आत गेल्या, आणि बेसनाच्या डब्याचं झाकण वाजलं. मी तिथेच टेकायला लागले तर आतून ओरडल्या की वर जा, इथे आमच्याकडे बसून खाल्लेला घास धरत नाहीत, दुखवटा तुझ्या घरी आहे. काका आज "म्हणजे आज पिठलं" म्हणाले नाहीत. पोत्यातला चांगल्यातला चांगला कांदा शोधून चिरायला बसले, आणि काकूंनी तो त्यांना चिरू दिला. हे मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

मी खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने वास वर आला. तो वास मी तीन वर्षं ओळखत होते, पण माझ्यासाठी तो पहिल्यांदाच येत होता. मग दाराबाहेरून हाक आली. बेल नाही, टकटक नाही, नुसती हाक.

दोघंही आले होते. काकूंनी माझ्यासमोर बसून पहिला घास खायला लावला. पिठलं चटका बसण्याइतकं गरम होतं, त्यामुळे माझ्या डोळ्यांना पाणी यायला कारणही होतं. दोन घासांनंतर मी सांगायला लागले. टीव्ही, चार वाजता, स्वेटर, थांबायचा तो. इतकं सलग मी नाशिकमध्ये कधीच बोलले नव्हते. माझं मराठी मध्येच अडखळायचं, एखादा शब्द इंग्रजीत सापडायचा, काकू डोळ्यांनीच पुढे सांग म्हणायच्या. काकांनी डब्याखालचं वर्तमानपत्र ओढलं आणि म्हणाले, दाखव बरं, पक्षी कसा करायचा.

मी दाखवला. काकांच्या बोटांना कांद्याची सवय, कागदाची नाही. ते तिसऱ्या घडीलाच मागे पडले.

"तुमचं होऊ द्या," मी म्हटलं, "मी थांबते."

बऱ्याच वेळाने त्यांनी हातातली वस्तू वर धरली. काकू म्हणाल्या, टोपी छान झालीय. काका म्हणाले, मी पक्षी करत होतो. मग आम्ही तिघंही हसायला लागलो, आणि दुखवट्याच्या घरात हसलेलं चालतं का, हे मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, त्याच्यामुळे हसलं तर चालतं.

काका पाण्याची बाटली आणायला खाली गेले तेव्हा काकू जरा सरकून जवळ बसल्या. लग्न होऊन त्या नव्याने ह्या घरात आल्या तेव्हा त्यांचा एक आवडता गाणारा गेला होता. सासूने तांदूळ निवडायला दिले होते आणि काकूंचे डोळे वाहत होते. सासूने विचारलं, का रडतेस? त्यांनी भोळेपणाने सांगून टाकलं. त्या संध्याकाळपर्यंत सासूने गल्लीभर सांगितलं, आमची सून रेडिओसाठी सुतक धरते. बायका महिनाभर चिडवत होत्या. त्या दिवशीचा स्वयंपाकही काकूंनाच करावा लागला, आणि तोही गोडाचा.

"मग पुढचा मी कुणाला सांगितलाच नाही," काकू म्हणाल्या. "अजून आहे तो. तब्येत बरी आहे."

जिन्यात काकांची पावलं वाजली. काकू माझ्या कानाशी आल्या आणि एक नाव सांगितलं. ते मला इतकं अनपेक्षित होतं की मी फिसकन हसले. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"ह्यांना सांगू नकोस. चिडवतील."

मग दोघं उठले, आणि 'येते' न म्हणता गेले.

पुढच्या वर्षी मला पुण्याला नोकरी मिळाली. सामान टेम्पोत चढल्यावर मी सवयीने हात हलवला आणि वळले. काकूंनी मागून दंड धरला. "येते म्हण. हे दुखवट्याचं घर नाही." मी 'येते' म्हटलं. काकांनी कांद्याची पिशवी टेम्पोत टाकली.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. जगात ते दोघींनाच माहीत आहे. पण काकूंच्या दारी डबा घेऊन जाणारं गल्लीत कुणी नाही, कारण तिथून डबे निघतात, तिथे येत नाहीत. म्हणून मी पिठलं शिकले. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, नंतर भिंतीला लावावं असं घट्ट झालं, आता बरं जमतं. भाकरीचं अजून नाव काढू नये. पुण्याहून नाशिकला बसने पाच तास लागतात, रस्त्याचं काम निघालं असेल तर जास्त, पण पिठलं गार झालं तरी चालतं असं काकूच म्हणायच्या. स्टीलचा डबा मी घेऊन ठेवला आहे.

परवा संध्याकाळी फोनवर बातमी दिसली की काकूंच्या त्या माणसाला छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं आहे. मी रिकाम्या पोटी कढई चढवली आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या बसची वेळ बघून ठेवली. पिठलं होईपर्यंत दुसरी बातमी आली. पोटातला वायू होता. घरी सोडलं होतं, दाराशी उभा राहून तो लोकांना हात करत होता. मी गॅस बंद केला आणि काकूंना फोन लावला.

"काय करतेस?" काकूंनी विचारलं. आवाज जरा बसलेला होता.

"पिठलं केलंय."

पलीकडे उलथनं वाजायचं थांबलं.

"कुणासाठी गं?"

"कुणासाठी नाही काकू. मला आवडतं."

मग त्यांचं हसू ऐकू आलं, आणि त्यांच्या मागून काकांचा आवाज. ते विचारत होते, मगाशी बेसन काढलंस, चांगला कांदा चिरून घेतलास, आणि आता ते सगळं बाजूला सारून शिरा कशाला ढवळत बसली आहेस, आज नेमकं गेलं कोण आणि आलं कोण?